आधी प्लेट, मग कागद

पोलादाची नवी प्लेट क्रेनने खाली उतरली की नाना तिच्यापाशी उकिडवे बसत, रुमालाने कोपरा पुसत, चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "तुनं नाव काय शे, बाई?" कोपऱ्यात ठोकलेला हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या ज्या घाण्यातून ती निघाली त्याचा क्रमांक, सापडेपर्यंत ते उठत नसत. जळगावच्या आमच्या कारखान्यात दाबाखाली चालणारी वाफेची भांडी बनत. त्यांचं पोलाद निवडणं आणि मिळवणं हे नानांचं काम. त्याचे कागद सांभाळणं माझं.

जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडून बसे, म्हणून मी 'मास्तर'. "मास्तर, तू कागद वाचस, मी लोखंड वाचस," ते म्हणत. "पन पहिले लोखंड, मंग कागद."

बाजारातही तीच तऱ्हा. केळीवाला म्हणे, "रावेरची आहेत, नाना." नाना विचारत, "रावेर मोठं शे. मळा कोणाचा?" त्यांना लांबून पाहिलं की तो हातगाडीच वळवतो, असं त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, हसत सांगायच्या.

एकदा नरडाण्याच्या एका कारखान्याचं काम आलं. वाफ फार तापणारी, म्हणून प्लेट क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेली हवी होती. साधी प्लेट दिसायला अगदी तशीच असते, पण तेवढ्या उष्णतेत हळूहळू थकत जाते. दोन प्लेटींसाठी कोणता पोलाद कारखाना भट्टी लावणार? नानांनी आठवडाभर फोन करून एका व्यापाऱ्याच्या साठ्यात त्या शोधल्या. ट्रक आला त्या दिवशी नाना यावलला लग्नाला गेले होते. मी प्लेटींसोबत आलेलं प्रमाणपत्र वाचलं. सगळं बिनचूक होतं. स्वीकारल्याची सही करून मी मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी नाना दुसऱ्या प्लेटपाशी बसले ते उठेनात.

"मास्तर, शेवटचा आकडा वाच."

"तीन."

"आनि कागदवर?"

कागदावर आठ होता. 

व्यापारी फोनवर म्हणाला, "ठोकणाऱ्याचा हात चुकला असेल हो, नाना. एका आकड्यासाठी काय अडून बसता!"

"हात चुकला असेल तर उत्तमच," नाना म्हणाले. "प्लेटचा तुकडा कापून तपासून घेतो."

आमचे मालक, शेठ, भडकले. "भांडं तारखेला गेलं नाही तर नरडाण्याला कोणत्या तोंडाने जाऊ?"

"तिथे भांड्याशेजारी माणसं उभी राहतात, शेठ. उशीर होणार हे मी सांगून येतो."

गेलेही. परत येऊन म्हणाले, "पहिले रागावले, मंग च्या पाजला." तुकड्याचा अहवाल आला, प्लेट साधी निघाली. शेठनी विचारलं, "मग स्वीकारल्याची सही कोणी केली?" मी उभा राहिलो. नाना म्हणाले, "तपासणी दोघांची असते, शेठ. त्या दिवशी अर्धीच झाली होती. अर्धा मी लग्नात जिलबी खात होतो." शेठना हसू आवरेना. माझी नोकरी राहिली.

निवृत्त झाल्यावर नाना धुळ्याला मुलाकडे गेले. शेवटच्या दुखण्यात रुग्णालयात भेटायला गेलो, तेव्हा सिस्टर त्यांच्या मनगटावर नावानंबरची पट्टी बांधत होती. नानांनी हात माझ्यापुढे धरला. "मास्तर, मना नंबर कागदसंगे जुळस का, देख." मी आधी पट्टी वाचली, मग केसपेपर. "जुळला, नाना." ते सिस्टरला म्हणाले, "आता काय ते टेस्टिंग करा, बाई. माल खरा शे." ती इतकी हसली की पट्टी पुन्हा बांधावी लागली.

आठ दिवसांनी त्याच रुग्णालयात कारकुनाने माझ्यापुढे कागद सरकवला. मुलाची सही झाली होती, नानांना नेण्यासाठी साक्षीदाराची हवी होती. "इथे करा," तो म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. "आधी त्यांना पाहतो."

आत गेलो. चादर जराशी बाजूला केली, रुमालाने चष्मा पुसला आणि मनगटावरचा नंबर एकेक आकडा करून वाचला. मग बाहेर येऊन कागद वाचला. मग सही केली.