रुसलेल्या गुप्तहेराचा आवाज

त्या जगप्रसिद्ध इंग्रज गुप्तहेराचं काम आजवर ज्या ज्या नटांनी केलं, त्यांत सरस कोण, यावर लोक तावातावाने भांडतात. कोणी चालण्यावरून ठरवतं, कोणी मारामारीवरून. भांडोत बापडे. माझ्याइतक्या बारकाईने त्या सगळ्यांच्या तोंडाकडे कोणी पाहिलेलं नाही. त्यांच्या दाताच्या डॉक्टरांनीसुद्धा नसेल.

त्याचं कारण असं की नंदुरबारात, मिरची बाजाराच्या मागच्या आमच्या गल्लीत, तो गुप्तहेर अहिराणी बोलतो, आणि त्याचा आवाज मी आहे.

माझा धंदा लाउडस्पीकरचा. हळदीपासून सप्ताहापर्यंत सगळीकडे माझे भोंगे जातात, नाताळात पार नवापूरकडच्या डोंगरातही जातात. कोजागिरीला आमच्या गल्लीत मोठ्या पातेल्यात दूध आटत ठेवतात आणि चंद्र वर येईपर्यंत माणसं बसून राहावीत म्हणून भिंतीवर चादर ताणून पिक्चर लावतात. एका वर्षी कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठजींनी पेन ड्राइव्हमध्ये हेरगिरीचा पिक्चर आणला. शेठजींचं घराणं मूळचं मारवाडचं, पण अहिराणी आमच्यापेक्षा तिखट. पिक्चर सुरू केला तर आत हिंदी आवाजच नाही, नुसतं इंग्रजी. पाच मिनिटांत बायका चटया गुंडाळायला लागल्या. मला फार वाईट वाटलं, कारण स्पीकर माझे होते आणि दोष स्पीकरवर आला असता. मी पिक्चरचा आवाज बंद केला आणि माईक उचलला. पडद्यावर तो सुटाबुटातला गडी एका बाईजवळ जाऊन काहीतरी बोलत होता. मी म्हटलं, "काय वं, एकलीच बठेल शे? घरना कोठे गयात?"

चटया परत उलगडल्या गेल्या.

तेव्हापासून दर कोजागिरीला त्या गुप्तहेराचा एक पिक्चर, आवाज बंद, आणि मी. बायकांचे आवाज माझी बायको काढते, मुख्य दुष्ट माणूस शेठजी करतात. लिहिलेलं काही नसतं. ओठ हलले की बोलायचं, थांबले की थांबायचं. तो गुप्तहेर स्वतःची ओळख करून देताना आडनाव आधी सांगतो, ते गल्लीला फार पसंत पडलं, कारण तलाठीही तसंच विचारतो. पण नुसत्या नावावर आमच्याकडे कोणाचं समाधान होत नाही. त्यामुळे आमचा गुप्तहेर नाव सांगून झालं की गाव सांगतो, बापाचं नाव सांगतो आणि मामाकडचं गाव कोणतं तेही सांगतो. एवढी माहिती दिल्यावर गुप्त काय राहिलं, असं एका शिकलेल्या जावयाने विचारलं होतं. त्याला पुढच्या वर्षी मागे बसवला.

आता नटांविषयी. पहिला जो, छातीवर गोधडी पांघरल्यासारखे केस असलेला, तो सावकाश बोलतो. एक शब्द टाकतो, मग बघत राहतो. आवाज काढणाऱ्याला त्याच्यासारखा मालक नाही, मध्ये पाणी पिऊन घेता येतं. शेठजींचा तो लाडका. "पहिला माल तो पहिला माल, बाकी समदी भेसळ," हे त्यांचं म्हणणं. दुसरा एकदाच आला आणि त्या एका पिक्चरात लग्न करून बसला. गल्लीतल्या म्हाताऱ्या अजून त्याचीच चौकशी करतात. निदान पोरीला पदरात तरी घेतलं, म्हणतात.

तिसरा भुवईवाला. तो माझा. त्याच्यासाठी मी कोणाशीही भांडायला तयार आहे. त्याला तोंड नसतं तरी चाललं असतं. तुम्ही काहीही बोला, "आज भेंडी शे" म्हणा, की त्याची भुवई वर जाते आणि त्या भेंडीला काहीतरी चावट अर्थ येतो. गल्ली लोळते. ते श्रेय लोक त्याला देत नाहीत, मला देतात, आणि मीही घेतो.

चौथा तापट, दातखिळी बसल्यासारखा बोलायचा. पाचव्याची इस्त्री मोडत नाही आणि केस हलत नाहीत, मागे अख्खा कारखाना उडाला तरी नाही. तो बोलता बोलता हसतो, त्यामुळे ओठांवरून काही पत्ता लागत नाही आणि माझी जीभ अडखळते. आणि शेवटचा, तो रुसलेला. लग्नात मानपान न मिळालेल्या व्याह्यासारखा चेहरा. तोंड शिवलेलं. अर्धा वेळ तर आपल्याकडे पाठ करून समुद्र बघत उभा. मला त्याचा मनापासून राग. बोलायचं नव्हतं तर नट कशाला झालास?

माझ्या बायकोला मात्र तोच आवडतो. तिची नट तोलायची तऱ्हाच निराळी आहे. जेवण झाल्यावर यातला कोण स्वतःचं ताट मोरीत नेऊन ठेवेल, एवढं ती बघते. पहिला ताटात हात धुईल, भुवईवाला तिथेच बसून दात कोरील, इस्त्रीवाला मुळात आपल्या घरी जेवणारच नाही. "हाऊ रुसस, पन ताट उचलस," असं ती त्या शेवटच्याबद्दल म्हणते. पुरावा काही नाही. पण तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तिचं खरं दुखणं दुसरंच होतं. त्या पिक्चरांत बाई असते ती एक तर गुप्तहेराच्या गळ्यात पडते, नाही तर मरते. बऱ्याचदा गळ्यात पडून मग मरते. म्हणजे माझ्या बायकोला दोन वाक्यं, एक लाडिक हसू आणि एक किंकाळी, की संपलं. पुढचा सगळा वेळ ती खुर्चीवर बसून मला पाण्याचा तांब्या देणार. दर वर्षी पिक्चर ठरला की ती एकच गोष्ट मागायची.

"एक डाव माले तो करू द्या."

"गडीमाणूस, अन् बाईना आवाज? लोके हसतीन."

"हसासाठेच येतस ना लोके."

यावर मी दर वर्षी माईकच्या वायरी तपासायला निघून जायचो. माईक माझा होता. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

यंदा शेठजींना पेन ड्राइव्हमध्ये नेमका त्या रुसलेल्याचा पिक्चर मिळाला. मी घरी येऊन जेवायला बसलो तो चिडलेलाच. बायको चुलीशी भाकरी थापत होती, माझी आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. मी म्हटलं, काय करायचं त्या माणसाचं, तो तोंडच उघडत नाही, त्यात कसब ते काय लागणार, याचा आवाज तर कोणीही काढील. आणि रागाच्या भरात पुढे बोलून गेलो, "तू बी करशी."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"बरं," ती म्हणाली. "करसू."

मी हसायला गेलो, पण आई लसणातून मान वर करून बघत होती. "तू म्हनना ना? मंग करू दे तिले," ती म्हणाली. आईच्या तोंडून एकदा निघालं की आमच्या घरात त्यावर अपील नाही.

मग बायकांचा आवाज कोण काढणार? तो प्रश्न निघाला तेव्हा दोघी माझ्याकडे बघत होत्या.

पुढचे काही दिवस मी गल्लीत ऐटीत फिरलो. फजिती होणार होती ती तिची, माझी नव्हे. शेठजींनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं की अर्ध्या पिक्चरला गुप्तहेराचा माईक तुमच्या हातात परत येईल, पाण्याचा तांब्या तयार ठेवा. ती मात्र भांडी घासता घासता ओठ हलवायची. कोजागिरीच्या दुपारी तिने दोनदा मला विचारलं, लोक खरंच हसतील का, म्हणजे वाईट हसतील का. तेव्हा मला कळलं की ती घाबरली आहे. धीर द्यायला हवा होता. पण मी म्हटलं, आता बघू.

संध्याकाळी गल्ली भरली. पुरुषोत्तमनगरहून तिची बहीणही मुद्दाम आली होती. बाजारातल्या मिरचीचा ठसका सगळ्यांना लागला होता, खोकत खोकत लोक बसले. पिक्चर सुरू झाला. तो रुसलेला गुप्तहेर आला, चालत गेला आणि आमच्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभा राहिला. ओठ दिसेनात. मी मनात म्हटलं, झालं, आता ही काय बोलणार.

आणि माईकमधून जाड, वैतागलेला आवाज आला, "मोटर बंद कयी का मी? कयी व्हई. नही, नही कयी. टाकी वाही ऱ्हायनी व्हई."

समुद्र बघून आमच्या गुप्तहेराला घरची पाण्याची मोटर आठवली होती. मग जे हसू फुटलं त्याने भिंतीवरची चादर हलली.

इतकी वर्षं मी ओठ हलायची वाट बघत बसलो होतो. पाठ वळली की कोणी ओठ पकडू शकत नाही, तेव्हा वाटेल ते बोलता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि तो नट तर सतत पाठ फिरवणारा. तिने त्याच्या पाठीतून अख्खा संसार बाहेर काढला. तो छपरावरून उडी मारायचा आणि म्हणायचा, "गुडघा. मन्हा गुडघा." तो बंदुकीत गोळ्या भरताना सासूची बीपीची गोळी आठवायचा. शेठजींच्या दुष्टाने त्याच्या छातीवर पिस्तूल रोखलं आणि गरजले, "तुले आते मारी टाकसू." तर आमचा गुप्तहेर शांतपणे म्हणाला, "मार. पन जेवना का तू?" पडद्यावर दुष्टाचे ओठ हलत राहिले आणि शेठजी माईक धरून, "जेवनू ना, आते जेवनू," एवढंच म्हणत राहिले.

मग माझी पाळी आली. लाल झग्यातली बाई जिन्यावरून उतरली. मी गळा आवळून म्हटलं, "ओ, आयका ना. माले सोडीसन जाऊ नका." बाईने गुप्तहेराला अहो-जाहो करायचं हा आमचा शिरस्ता, मीच पाडलेला. गुप्तहेर वळला आणि म्हणाला, "तू गुपचूप बठ. तुले काय समजस?"

हे वाक्यही माझंच होतं. गेली कित्येक वर्षं मी प्रत्येक पिक्चरात ते वापरत आलो. चारचौघांत माझ्या बायकोने मला तू म्हटलं होतं, तेही माझ्याच वाक्यात. पुरुष माझ्याकडे बोटं दाखवून हसत होते. आई तर पोट धरून चटईवर आडवी झाली होती. मला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही.

त्यानंतर मला काही कामच नव्हतं. बाई पुढे गायब होती. मी खुर्चीवर बसून राहिलो. बायकोने न बघता हात मागे केला, मी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तिने दोन घोट घेतले, तांब्या परत दिला, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बसून बसून फार कंटाळा येतो हो. मधूनच वाटायचं, मला एखादं वाक्य द्या, नुसतं "इश्श" म्हणायला द्या. मी एवढ्या वर्षांत असा विचार कधी केला नव्हता.

शेवटी ती बाई परत आली ती गोळी खायलाच. मी किंकाळी मारली, बरी जमली. गुप्तहेराने तिला मांडीवर घेतलं. आता तिचं शेवटचं वाक्य. त्यासाठी मी भरपूर तयारी केली होती. मरता मरता त्या गुप्तहेराचा असा पाणउतारा करायचा की गल्लीने उठून टाळ्या वाजवाव्यात.

बोलायच्या आधी मी सहज तिच्याकडे पाहिलं. पदर खोचलेला, माईक दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, कपाळावर घाम, आणि डोळे पडद्यावर असे की जगात दुसरं काही नाही. इतकी सुंदर ती मला लग्नातही दिसली नव्हती. मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिकडे बाईचे ओठ हलले, हलले आणि मिटले. मान कलली. मेली. माझं वाक्य राहूनच गेलं.

एवढी मोठी मरायची जागा आणि आवाज नाही. गुप्तहेराने खाली बघितलं.

"बोल वं काही," तो म्हणाला. "येरवी ते थांबस नही."

लोक हसले. पडद्यावर बाईचे डोळे मिटलेले, ओठ बंद. आता बोलणं म्हणजे सगळ्या नियमांच्या बाहेर होतं. पाठमोऱ्या माणसाला बोलता येतं, मेलेल्या बाईला कसं येईल? पण माझ्याने राहवलं नाही. मी माईक तोंडाशी नेला आणि त्याच चिरक्या बायकी आवाजात म्हटलं, "पुढला साल बी हाई काम तुम्हीच करा."

मागून कोणीतरी ओरडलं की अरे, ती मेली आहे. कोणी हसलं, कोणी नाही. गुप्तहेराचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मग माईकमध्ये नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यामागून तोच जाड आवाज, जरा फाटलेला.

"आते माले रडाऊ नको," ती म्हणाली. "मरेल शे तू, मरेलच ऱ्हाय."