वारसाच्या रकान्यातलं नाव

दवाखान्यातून घरी आलो त्याला आठ दिवस झाले होते. छातीत दुखलं म्हणून यवतमाळला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता जड उचलायचं नाही. आयुष्यभर मी दुसरं केलंच काय. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंग मिलमध्ये प्रेसवर होतो. रुईच्या गठाणी बांधायच्या आणि ढकलत नेऊन रचायच्या, दर सीझनला, दिवाळीपासून होळीच्या पुढपर्यंत. त्या कामाची फंडाची पेन्शन महिन्याला येते. थोडी आहे, पण कोणापुढे हात पसरून घेतलेली नाही.

मुलगी मारेगावकडे दिली आहे. तिथे अंगणवाडीत आहे, त्यामुळे मोबाइलवरचं सगळं तिला येतं. मला पाहायला आली होती. दुपारी तिची आई शेजारी गेली, तेव्हा ती खाटेजवळ बसली आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "बाबा, राग नका धरू. तुमच्या मागं आईले काय भेटन?"

"अर्धी पेन्शन भेटते."

"कोणं सांगतलं तुम्हाले?"

"सगळ्याईले भेटते."

"मंग हिशोब लावून पाहू. मोबाइलवर लावता येते."

मी चौथी शिकलेला माणूस. पण दिवसाच्या गठाणी मी तोंडी मोजायचो आणि संध्याकाळी बाबूची वही चुकलेली निघायची, मी नाही. म्हणून म्हटलं, मोबाइल काय सांगणार आहे मला. तरी उठून बसलो.

त्यात चौकटी होत्या. पहिल्या चौकटीत जन्मतारीख. एक जुलै, मी सांगितलं. आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांचा जन्म मास्तरांनी एक जुलैलाच लावून दिला होता. मग काम कधी धरलं, कधी सोडलं, शेवटचा पगार किती. सालं टाकताना ती अडकली, कारण अर्धं वर्ष तर मिल बंदच राहायची.

"सीझनचं सालही पुरं साल धरते," मी म्हटलं. "टाक."

आकडा आला. बँकेत येतात त्यापेक्षा एकोणीस रुपये जास्त.

"पाह्य. मी म्हणतच व्हतो, ते कमी देऊन राह्यले."

"बाबा, हे अंदाजे असते. खाली लिहेल हाय."

"अंदाजे हाय तं कमी काहून नाही आलं?"

ती हसली. मग तिने स्क्रीन वर सरकवली. खाली एक प्रश्न होता, पत्नी हयात आहे का. तिने होय दाबलं. लगेच दुसरा आकडा आला, पहिल्याच्या अर्धा. तो ती बराच वेळ पाहत राहिली.

"एवढ्यात आईच्या शुगरच्या गोळ्या अन् गॅस भागते," ती म्हणाली. "माह्या भावाले मांगा नाही लागन."

मी बरं म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. मोबाइलने बायको आहे का एवढंच विचारलं होतं. माझ्या कागदात बायको नव्हतीच.

मिलमध्ये लागलो तेव्हाची गोष्ट. फंडाचा फॉर्म भरायला बाबूने सगळ्यांना ओळीत उभं केलं. तो मान वर न करता मोठ्याने विचारायचा, वारस कोण. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमच्यात बायकोचं नाव असं चारचौघांत घेत नसत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. माझ्या पुढच्या गड्याने घेतलं, तर मागून कोणीतरी बाईच्या आवाजात त्याला ओ दिली. सगळी ओळ हसली. तो पूर्ण सीझन त्याला त्याच नावाने हाका मारत होते. माझी पाळी आली. मी आईचं नाव सांगितलं.

"लग्न?" बाबूने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

पुढे ते तसंच राहिलं. पेन्शनच्या वेळी दुसऱ्या बाबूने जुन्या कागदावरूनच फॉर्म भरला. वाचून घ्या, तो म्हणाला. मला बोट ठेवून वाचावं लागतं, वेळ लागतो, आणि टेबलाभोवती माणसं होती. मी झोकदार सही केली आणि कागद परत दिला. घरी आल्यावर झेरॉक्स वाचली, तेव्हा बायकोचा रकाना कोरा दिसला. वारस म्हणून आई होती, आणि आईला जाऊन तोवर कितीतरी वर्षं झाली होती. पाहू पुढे, म्हणून ती झेरॉक्स मी पेटीच्या तळाशी ठेवली. चूक माझी होती, ती कोणाला दाखवत फिरणार.

हिशोब लावला त्याच संध्याकाळी मुलीला हे सांगितलं. ती रागावली नाही, ते मला जास्त लागलं.

"आईले मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

घरची चुलीपाशी भाकर थापत होती. मी सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"लग्न नाही झालं म्हून सांगतलं?"

"हो."

"अन् डब्बा कोण देत व्हतं तुम्हाले?"

तिने भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "जेवून घ्या."

मग दिग्रसच्या ऑनलाइन सेंटरच्या खेपा सुरू झाल्या. पहिल्या खेपेला लाइट नव्हती. दुसऱ्या खेपेला लग्नाचा दाखला मागितला, त्यासाठी ग्रामपंचायतीत चार दिवस गेले. तिसऱ्या खेपेला घरचीला सोबत नेलं. सेंटर माडीवर आहे. दर चार पायऱ्यांवर मी थांबायचो आणि मी थांबलो की तीही थांबायची.

गर्दी होती. ती पिशवी धरून भिंतीशी उभी राहिली. माझा नंबर आला. मशीनवरच्या माणसाने वर न पाहता विचारलं, "बायकोचं नाव?"

तिचं आधार कार्ड माझ्या हातात होतं. ते पुढे सरकवलं असतं तरी काम झालं असतं, येताना बसमध्ये मी तेच ठरवलं होतं. पण मी नाव सांगितलं.

"जोरात बोला बाबा, पंख्यात ऐकू नाही येत."

मी दुसऱ्यांदा सांगितलं, मिलमध्ये मशीन चालू असताना बोलायचो तसं. मागे कोणी हसलं नाही. जो तो आपापल्या मोबाइलात होता. इतकी वर्षं ज्या हसण्याला भ्यालो, ते हसणारे आता कुठे असतील कोण जाणे. बहुतेक गेले.

पावती घेऊन बसमध्ये बसलो.

"एवढ्या जोरात कायले घेतलं?" ती म्हणाली.

"त्याले ऐकू येत नव्हतं."

ती खिडकीबाहेर पाहत होती. मान न वळवता म्हणाली, "मले आलं ना."

तिच्या नावाचा कागद अजून आलेला नाही. पंधरा दिवसांनी मी परत तो जिना चढतो, आणि तो माणूस स्क्रीनवर पाहून सांगतो की अर्ज पुढे गेला आहे, वेळ लागेल. मोबाइलने एका मिनिटात सांगितलेला आकडा मुलीने वहीत लिहून ठेवला आहे. मी थकलो आहे, पण हे दुसऱ्या कोणाकडून करून घेणार नाही.

सकाळी घरची माझ्या हातावर छातीची गोळी ठेवते आणि मी ती गिळेपर्यंत समोर उभी राहते. पूर्वी मी कधीकधी गोळी खिशात टाकायचो, ते तिला ठाऊक आहे.

"कागद येईस्तोवर तरी टाळू नका," ती म्हणते.

मी पाणी मागतो आणि गिळतो.