कांताबाई आणि पोरांची खोली

आमच्या लालबागच्या चाळीत कांताबाईंना 'बाई' न म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पहिल्या मजल्यावरच्या आपल्या राहत्या खोलीतच त्यांनी उभी हयात बालवाडी चालवली. वडील गिरणीत होते, गाव कुडाळकडचं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा बाईंचं लग्नाचं वय होतं, आणि आई गेली तेव्हा ते वय उलटून गेलं होतं. त्यावरून त्या कधी कुरकुरल्याचं मी ऐकलं नाही. कोणी कीव करायला आलं तर मात्र तोंडावर सांगायच्या, माझी काळजी सोड, पोराला वेळेवर आणून सोडत जा.

चाळीत आज पुढारी म्हणून मिरवणारे निम्मे लोक त्यांच्याच हाताखालून गेलेत. त्यातला ठळक नमुना म्हणजे हितेंद्र, आमच्या उत्सव मंडळाचा अध्यक्ष. याचं शेंबडं नाक बाईंनी पदराने पुसलंय. आता त्याच्या गळ्यात जाड साखळी आहे, आणि पुनर्विकासाच्या कमिटीतही तोच असल्यामुळे उद्याच्या टॉवरमध्ये कोणाला जागा मिळणार, यावर त्याचा शब्द चालतो. चाळ त्याला दादा म्हणते. बाई अजून हितू म्हणतात, आणि चार लोकांत त्याला ते आवडत नाही.

बाईंना एक वेड होतं. पोरांना विचारायचं. बालवाडीत आज कुठलं गाणं म्हणायचं, खाऊ आधी की गोष्ट आधी, हे त्या चार वर्षांच्या पोरांना विचारायच्या आणि पोरं म्हणतील तसं करायच्या. आयाबाया हसायच्या. आमच्याकडे मोठ्यांनाच कोणी विचारत नाही, तिथे पोरांना काय विचारायचं? मंडळाची वार्षिक सभा म्हणजे अध्यक्षाने वाचून दाखवायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या आणि चहा आला की उठायचं. सगळं सर्वानुमते मंजूर. कारण विरोध करणाऱ्याला उद्या सकाळी त्याच गॅलरीतून, त्याच दारांवरून पाणी भरायला जायचं असतं.

अशा चाळीत रुचा मॅडम आल्या. दादरच्या, शिकलेल्या, बोलणं शुद्ध आणि स्वभावाने खरंच सरळ. सरकारी निधीतून वस्त्यावस्त्यांत मुलांच्या हक्कांचे प्रकल्प उभे करायचे, हे त्यांचं काम होतं. अट एकच, पैसा कशावर खर्च करायचा ते मुलांनी ठरवायचं, मोठ्यांनी नाही. बाईंचा चेहरा त्या दिवशी असा उजळला की मलाच भरून आलं. आयुष्यभर ज्याला लोक येडेपणा म्हणाले, त्याच्यासाठी सरकार पैसे घेऊन दारात उभं होतं. अर्ज लिहायला बाईंनी मला बसवलं, समन्वयक म्हणून स्वतःचं आणि प्रकल्प समितीत माझं नाव घातलं. निधी मात्र नोंदणी असलेल्या संस्थेच्या नावावरच येणार होता, आणि चाळीत तशी संस्था एकच, हितेंद्रचं मंडळ. इथेच पाल चुकचुकायला हवी होती.

बालसभा गच्चीवर भरली. मुलग्यांना क्रिकेटची जाळी हवी होती. कोणाला जिन्यात पाळतीचे कॅमेरे हवे होते, हे बहुधा घरून शिकवून पाठवलेलं. मग आकांक्षा उठली, मंडप बांधणाऱ्या विकासची मुलगी, आठवीतली. तिने तळमजल्यावरची गावकीची खोली मागितली. एके काळी गावाहून गिरणीत आलेले बाप्ये तिथे वळकट्या टाकून झोपायचे. नंतर मंडळाने तिथे प्लायवूडच्या कमानी आणि जुनी सिंहासनं भरून ठेवली आणि कुलूप घातलं. आकांक्षा एवढंच म्हणाली, "मुलगे जिन्यात बसतात, नाक्यावर बसतात, कुणी काही बोलत नाही. आम्ही दोघी गॅलरीत उभं राहून हसलो तरी घरी सांगायला जातात. आम्ही बसायचं कुठे?"

बाईंनी मतं घेतली ती हात वर करून नाही. हात कोणाचा वर गेला ते घरी कळतं. प्रत्येक पोराने पडद्यामागे जाऊन आपल्याला हवं त्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. खोलीचा डबा जड निघाला. निम्म्या मुलग्यांनीही त्यातच टाकले असणार, त्याशिवाय एवढे झालेच नसते. संध्याकाळी सात ते नऊ फक्त मुलींची वेळ आणि किल्ली मुलांच्या समितीकडे, हेही पोरांनीच ठरवलं. रुचा मॅडम म्हणाल्या, असं मी अजून कुठेच पाहिलं नाही.

आणि मग बाईंच्या हातून ती चूक झाली. तिला चूक म्हणायचं का, हेही मला कळत नाही, कारण आमच्यापैकी कोणीही तेच केलं असतं. कामाचा आरंभ गाऱ्हाण्याशिवाय करायचा, हे कोकणातल्या माणसाच्या डोक्यातच येत नाही. नारळ देवापुढे ठेवायचा, जाणत्या माणसाने गाऱ्हाणं घालायचं आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. चाळीत हा मान गणपतकाकांचा. म्हातारा साधा, पण मंडळाच्या शब्दाबाहेर नाही. बाईंनी स्वतः जाऊन त्यांना बोलावलं आणि मानाच्या खुर्चीवर हितेंद्रला बसवलं. मुलांच्या सभेला मोठा अध्यक्ष कशाला, असं रुचा मॅडमनी हळूच विचारलं होतं. बाई म्हणाल्या, मान दिल्याने आपलं काय जातं?

पोरं रांगेत बसली होती. गणपतकाकांनी नारळावर हात ठेवला आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या पोरांनी जो काय उपक्रम हाती घेतलेलो आसा, तो तडीस ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," पोरं ओरडली.

"पोरांका बुद्धी दी, आऊक्ष दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ही खोली मंडळाच्या ताब्यात ऱ्हवांदे, मोठ्यांच्या इचारान चलांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आकांक्षाही ओरडली. जन्मल्यापासून दर गणपतीला, दर शिमग्याला पोरं तेच ओरडत आली होती. सूर आला की तोंड उघडतं, त्यात विचार करायला कोण थांबतो? बाईंचे हात मात्र जोडलेल्या जागीच गोठले. त्यांनी हितेंद्रकडे पाहिलं. तो डोळे मिटून भक्तिभावाने उभा होता. मालवणी न कळणाऱ्या रुचा मॅडम मुलांच्या उत्स्फूर्त सहभागाचा व्हिडिओ काढत होत्या.

नारळ फुटल्यावर बाईंनी हितेंद्रला गाठलं. मी शेजारीच होतो. तो गोड हसून म्हणाला की बाई, खोली मंडळाकडे राहील असा पोरांनी देवासमोर शब्द दिलाय, व्हिडिओसुद्धा आहे, आता देवाला दिलेला शब्द मागे घ्यायचा तर तुम्ही घ्या, मी नाही घेणार. पेच असा होता की बाईंनाही ते खरं वाटत होतं. कायदा त्यांना बदलता आला असता, सरकारी अट त्यांनी भांडून मिळवली असती, पण गाऱ्हाण्यातला शब्द मोडायची त्यांची छाती होईना. एखाद्या पोराला काही झालं तर, हे भय त्यांच्या आईने त्यांना दुधासोबत पाजलं होतं. मला त्या दिवशी त्यांचा राग आला. हितेंद्रचा तर आलाच, तो अजून उतरलेला नाही.

निधी आला. खोली झकास झाली. लाद्या, एसी, काचेचं दार, सोफा. दारावर 'बालहक्क व सहभाग केंद्र' असा झगमगता बोर्ड, त्यावर पक्षाच्या साहेबांचे मोठे फोटो आणि कोपऱ्यात दोन हसरी पोरं, तीही इंटरनेटवरून उचललेली. आत हितेंद्र आणि त्याची माणसं पाय पसरून पुनर्विकासाच्या बैठका घेऊ लागली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. बालदिनाला पोरांना आत घेऊन पेढे दिले, फोटो काढले आणि चपला बाहेर काढा रे, लादी खराब होते, म्हणून दटावलं. मुली गॅलरीत होत्या तिथेच राहिल्या.

बाईंनी आशा सोडली नाही. पुढच्या वर्षीचा निधी द्यायचा की नाही ते ठरवायला रुचा मॅडम पाहणीला येणार होत्या, आणि पाहणीत वाईट आढळलं तर खोली मंडळाकडून काढून मुलांच्या समितीला द्यायचं कलम त्या योजनेत होतं. शब्द पोरांनी दिला होता, तर तो पोरांनीच मोडावा, देवही समजून घेईल, अशी मनाची समजूत बाईंनी घालून घेतली. त्यांनी आकांक्षाला बोलावून सांगितलं, पढवणार काही नाही, जे आहे ते सांग. पोरगी मान हलवून गेली.

रुचा मॅडमनी पाहणी चोख केली. मंडळाचं कोणी नको म्हणून हितेंद्रला बाहेर काढलं. आत आकांक्षा, मॅडम, बाई आणि समितीवाला म्हणून मी. हितेंद्र काचेपलीकडे फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता. मॅडमनी अगदी मायेने विचारलं, खोली तुम्हाला मिळते का, निर्णय कोण घेतं. माझी खात्री होती की आता बार उडणार. आकांक्षा सोफ्याच्या कडेवर ताठ बसली आणि म्हणाली, "हो मॅडम. खोली रोज उघडी असते. सात ते नऊ आम्ही मुली बसतो. निर्णय आम्हीच घेतो."

मॅडमना आनंद झाला. बाई, समन्वयक म्हणून तुमचा अभिप्राय आठवडाभरात पाठवा, असं सांगून त्या गेल्या. त्या अभिप्रायात खरं लिहिलं तर खेळ पालटणार होता, कारण मॅडमचा बाईंवर विश्वास होता.

बाईंनी आकांक्षाला जिन्यात थांबवलं. ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, हितूने दम दिला का? पोरगी म्हणाली, कुणी काही बोललं नाही. मग खाली बघत बोलू लागली.

"बाई, आमच्या जागेचं अजून ठरायचंय. भाड्याची पावती माझ्या सख्ख्या काकांच्या नावावर आहे. कमिटी म्हणेल ते होणार. माझंच नाही, शेजारच्या दोघींचंही तसंच आहे. आम्ही सगळ्या जणी बसलो होतो गच्चीवर. बोललो, मतं घेतली. तुम्ही शिकवलंत तशीच. खोली नको, घर हवं, असं ठरलं."

"आणि खोटं बोलायचं, हेही ठरलं?"

"हो. तुमचं घर पक्कं आहे, बाई. तुम्ही खरं लिहाल, आणि आम्ही जाऊ तिकडे लांब, दिव्याला नाहीतर विरारला. तुम्हीच सांगता ना, मुलांनी ठरवलेलं मोठ्यांनी ऐकायचं."

मला मध्ये पडावंसं वाटलं, काहीतरी मोठं, खरं असं बोलावंसं वाटलं. पण माझंही घर पक्कं होतं. पाणी यायची वेळ झाली म्हणून आकांक्षा वर गेली.

तो आठवडा बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटच्या दिवशी मला बोलावलं. टेबलावर कोरा कागद होता. म्हणाल्या, तुझं अक्षर बरं आहे, मी सांगते तसं लिही. मी म्हटलं, बाई, अजून विचार करा. त्यावर त्या म्हणाल्या, "विचार पोरांनी केलाय. आपल्याला कोणी विचारलेलं नाही."

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. खोली रोज उघडी असते. मुली संध्याकाळी बसतात. मुलांच्या निर्णयाचा मोठे मान राखतात. या शेवटच्या वाक्याला त्या थांबल्या, मला ते पुन्हा वाचायला लावलं आणि खाली सही केली.