चांगोने ओरिजनल केलेला बेस

बशीत ओतलेला चहा गॅरेजच्या कुत्रीला द्यायचा आणि कपात उरलेला स्वतः प्यायचा. हातावरचा रंग केसांना पुसायचा, म्हणून उजव्या कानावरचे केस कायम कुठल्या तरी टेंपोच्या रंगाचे. गाडीवर फूल काढलं की मागे सरकून, मान वाकडी करून बघायचा. बोलताना अंगठ्याने मांडीवर ठोके. कुणी 'गिटार' म्हणालं की 'बेस' अशी दुरुस्ती. आणि कुठेही बसला तरी माथेरानच्या डोंगराकडे पाठ.

शेवटच्या सवयीचं कारण मला उशिरा कळलं.

चांगो पाटील कुंभिवलीला हायवेवरच्या गॅरेजात रंगारी होता. माझ्या दुप्पट वयाचा. मी कर्जतचा, मराठी घेऊन बी.ए. झालेला, बेकार. एकदा खोपोलीला जाताना एसटी बंद पडली आणि मी गॅरेजात पाणी मागितलं. तो पत्र्याला टेकून चार तारांचं ते वाद्य, विजेवरची बेस गिटार, वाजवत होता. वीज जोडलेली नव्हती. जवळ गेल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी जवळ गेलो.

"बीए म्हंजे मास्तरच," तो म्हणाला. "शाळा नसली तर नसली. मला तरी कुटं बँड हाय?"

तेव्हापासून मी मास्तर.

तरुणपणी तो माथेरानला एका हॉटेलात वेटर होता. सीझनला मुंबईहून बँड यायचा. त्यात लुईस नावाचा गोवेकर बेस वाजवायचा. चांगो स्टेशनवरून त्याच्या बेसची पेटी डोक्यावर आणायचा. दुपारी पाहुणे झोपले की लुईस त्याला शिकवायचा. अडुसष्टच्या सीझनअखेर लुईसच्या बोटांना कंप सुटला. त्याने बेस चांगोच्या हातात दिला आणि सकाळच्या गाडीने खाली उतरला. देताना तिसरं कुणी नव्हतं. मॅनेजरला पेटी चांगोच्या खाटेखाली दिसली. त्याने चांगोला चोर म्हणून हाकललं. लुईसची साक्ष काढावी, तर तो पावसाळ्यातच गोव्याला वारला.

गावात तोंडावर कुणी काही बोलत नसे. मागून 'गिटारचोर' म्हणत. ते कानावर आलं की चांगो पुटपुटायचा, "बेस."

शहाऐंशी साली त्याच्या मुलीला, जयाला, स्थळ आलं. मुलगा मोहोपाड्याला कंपनीत. मुलाचा बाप नागू भोईर. हा नागू त्या वेळी त्याच हॉटेलात आचारी होता. तो गॅरेजात आला तेव्हा मी तिथेच होतो.

"पोरगी पसंत हाय, चांगो. पन चोराची पोरगी केली, असं कोनी बोल्लेलं मला नको."

"मी चोर नाय रं, नागू."

"मग दाखव ना. त्या बँडातला पियानोवाला परेरा मुंबईला हाय. जुनी वाद्यं पारखतो. लुईसचा दोस्त. तो येऊन बघंल. वस्तू ओरिजनल हाय का, कोनाची हाय, तो सांगंल. तो बोल्ला की मी साखर घेऊन येतो."

"आन नाय बोल्ला तर?"

"तर आपली गाठ इथंच सुटली."

मी मुलाखतींसाठी पुण्याला गेलो. पंधरवड्याने परतलो ते थेट गॅरेजात.

"डोळं मिट, मास्तर," चांगो म्हणाला. "आता उघड."

बेस निळा झाला होता. मोराच्या मानेसारखा. पूर्वी तो पिवळट तपकिरी होता, कडेला काळपट. हात टेकून टेकून वरचा भाग पांढुरका पडलेला. आता कुठे ओरखडा नव्हता. पत्र्याचे भाग मोहोपाड्याहून पॉलिश करून आणलेले. एका कोपऱ्यात बारीक कमळ.

"ओरिजनल केला," तो म्हणाला.

हायवेवर त्या शब्दाचा अर्थ तोच. जुना टेंपो विकायला काढला की गॅरेजवाले खरवडून, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरून, रंग मारून तो 'ओरिजनल' करतात. शोरूममधून निघाला तसा. गॅरेजच्या पाटीवरही तेच लिहिलेलं होतं आणि ती पाटी चांगोनेच रंगवलेली होती. पाहुणा वस्तू ओरिजनल आहे का बघणार म्हणाल्यावर त्याने आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर काम केलं.

परेरा रविवारी आला. पांढऱ्या केसांचा, मऊ बोलणारा. नागू त्याच्याबरोबर होता. जयाने चहा आणला. परेराने बेस मांडीवर घेतला आणि कमळावरून बोट फिरवलं.

"हा रंग कोणी मारला?"

"मीच," चांगो हसत म्हणाला.

परेराने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. मागचे चार स्क्रू सोडवले. दांडा अंगापासून वेगळा केला आणि दांड्याचं टोक उजेडात धरलं. तिथेही निळा रंग होता.

"इथे काय होतं, बाबा?"

"लिवलेलं व्हतं कायतरी. पेन्सिलीनं."

"काय?"

"विंग्रजी व्हतं. मला कुटं येतं? सुताराचा हिशोब असंल म्हनून घासून काढलं. आतून पन साफ पायजे ना."

परेराने चष्मा काढला. "कारखान्याची तारीख असते इथे. आणि लुईस कुणाला वाद्य दिलं की दांडा खोलून तारखेखाली नाव लिहायचा. ज्याला दिलं त्याचं. तीन वाद्यांत मी स्वतः बघितलंय."

चांगोचा अंगठा मांडीवर थांबला.

"म्हंजे काय ते सांगा," नागू म्हणाला.

"वाद्य जुनं वाटतं. चांगलंही असेल. पण आता ओरिजनल नाही. पारखायला काही ठेवलंच नाही. हे लुईसचं, त्याने दिलेलं, असं मी सांगू शकत नाही. नाहीही म्हणू शकत नाही."

"नाव खोडतो कोन?" नागू उठला. "ज्याचं नाव नसतं तो."

जया रिकामे कप घेऊन आत गेली. जाताना परेरा चांगोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाबून लिहिलं असेल तर कधी कधी लाकडात खूण राहते." सांत्वन म्हणून म्हणाला असावा.

चांगोने ते धरून ठेवलं. गॅरेजमागच्या खोलीत दार लावून दांड्याच्या टोकावरचा निळा रंग काढत बसायचा. थिनर, कापूस, ब्लेड. थिनरच्या वाफेने दम लागायचा. त्याची छाती रंगाने आधीच गेलेली होती.

"दार तरी उघडं ठेव," मी म्हणालो.

"वाऱ्यानं थिनर उडतो, मास्तर. मऊ पडाय पायजे. जोर लावला तर लाकूड जातंय."

नागूच्या मुलाचं दुसरीकडे ठरल्याचं कळलं, त्या दिवशीही तो बसला होता. त्यानंतरच्या गुरुवारी जया जेवण घेऊन गेली, तेव्हा तो भिंतीला टेकलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तो गेला, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मी जातो आणि त्याच्या स्टुलावर बसतो. समोर माथेरानचा डोंगर दिसतो.

काल जयाने दांडा माझ्यापुढे ठेवला. टोकावरचा निम्मा रंग निघालाय. उघड्या लाकडात एक बारीक अर्धगोल आहे. इंग्रजी सी असेल. लाकडाची रेषही असेल. त्याच्या पुढे निळा रंग तसाच आहे.

"तुमाला विंग्रजी येतं, मास्तर," जया म्हणाली. "पुडचं तुमी काढा."

मी ब्लेड उचललं आणि परत ठेवलं. वाटीतला थिनर उडून गेला होता. निळा कापूस तळाला चिकटून वाळला होता.