पानावरचं मीठ

वन्संना जाऊन महिना झाला. फोन आला तेव्हा मी करमाडला माहेरी होते. झोपेतच हृदय थांबलं म्हणे. "अगं, परवाच तर आम्ही चहा पीत बसलो होतो!" एवढंच माझ्या तोंडून निघालं... उस्मानपुऱ्यातल्या घरी पोचले, तर नव्वदीला टेकलेल्या सासूबाई लेकीच्या उशाशी बसलेल्या.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, कुसुमताई. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. ऐन तिशीत त्यांना मनाच्या आजारानं गाठलं. कधी दिवस दिवस डोळ्याला डोळा नाही, तोंडाची टकळी चालूच. कधी महिना महिना अंथरूण सुटायचं नाही. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आमचं माणूस आम्हाला परत मिळालं.

गोळ्या कायमच्या, हे मात्र सासूबाईंना पटेना. त्या वेरूळच्या महादेवाला नवस बोलून आल्या की गोळ्या सुटू दे, लेक श्रावणभर अळणी खाईल. मीठ तोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण वन्संना आईचं मन मोडवेना; गोळ्या चालू ठेवूनच त्यांनी मीठ सोडलं. श्रावण अर्धाही सरला नाही तोच हात कापायला लागले, जीभ जड झाली, उभ्या उभ्या तोल गेला. वाचतात की नाही, अशी वेळ आली होती बाई!

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी आईला समोर बसवलं. "आई, शरीरातल्या पेशीच्या दाराशी निरोप येतो. तो आत न्यायला वेगळे निरोपे असतात. माझे लई धावतात. ही गोळी आत शिरून त्यांना आवरते, म्हणून गुण यायला आठवडे लागतात."

"आन् मिठाचं काय गं?"

"लिथियम मिठाच्याच भावकीतलं. मीठ कमी पडलं की मूत्रपिंड त्यालाच धरून ठेवतं. मग औषधाचंच विष होतं."

सासूबाईंना कळलं किती, देव जाणे. ढसाढसा रडल्या मात्र. त्या दिवसापासून लेकीच्या ताटात मीठ त्याच वाढायच्या, सगळ्यांच्या आधी. "आम्ही काय सवतीचे?" मी चिडवायचे. "तुमचं तुमी घ्या," म्हणायच्या, हसायच्या नाहीत.

तेराव्याला नैवेद्याचं पान वाढलं. नैवेद्याला मीठ वाढत नाहीत, हे सासूबाईंनीच मला शिकवलेलं. त्याच भिंत धरत धरत आल्या, हातात मिठाची वाटी.

"आजी, नैवेद्याला मीठ नसतं," गुरुजी म्हणाले.

"नसू द्या. लेकराला पुन्हा अळणी वाढू व्हय मी?"

गुरुजींनी अडवायला पुढे केलेला हात मागं घेतला. सासूबाईंनी पानावर आधी मीठ ठेवलं, मग पाणी सोडायला सांगितलं.