नंदाला न विचारता

उमेशचा फोन आला तेव्हा मी कणकवलीच्या माझ्या डीटीपीच्या दुकानात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतली नावं तपासत होते. “ताय, नंदा गेली,” एवढंच तो म्हणाला. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. खारेपाटणची नंदा, उमेशची थोरली बहीण, माझी नऊ वर्षांपासूनची मैत्रीण... आणि तिच्याशी अबोला धरून मला दोन महिने झाले होते. हे लिहायला बसायलाच पुढे महिना गेला.

नंदा टॅबवर चित्रकथा काढायची. तिची नायिका कुर्लीबाय, म्हणजे खाडीतली एक खेकडीण. ही बया तिरकी तिरकी चालत तहसील कचेरीत जाई, एसटी स्टँडवर हुज्जत घाली, आणि लोक मोबाइलवर ते वाचून खो खो हसत. चित्रं तिची, इंटरनेटवरचं पान सांभाळायचं काम माझं. लोक विचारत, गॅदरिंगमध्ये कुर्लीबायचं सोंग काढू का, आमच्या गावची गोष्ट तिच्या तोंडी घालू का... नंदा सगळ्यांना हो म्हणायची. मी पडले व्यवहारी. प्रत्येक चित्राखाली ‘सर्व हक्क राखीव’ टाकून मोकळी व्हायचे. “राखण बसवूक ती काय हापूसची बाग आसा?” म्हणून ती मला चिडवायची. तिचे वडील दशावतारात राजाचं काम करत. तिथे लिहून दिलेली भाषणं नसतात, नटाला उभ्याउभ्या सुचेल ते बोलायचं असतं, आणि एकाचं चांगलं वाक्य दुसरा उचलतो. “बाबांचा वाक्य दुसऱ्या कंपनीत कोण बोललो तर बाबा खूश होयत गो,” ती सांगायची. “माझा नाव तेवढा घेवा, म्हणत.”

पुढे तिने कुठेतरी वाचलं की कलाकाराला आपल्या कामाची परवानगी आधीच जाहीर करून ठेवता येते. कशाला मोकळीक आणि कशासाठी विचारायचं, हे एकदा लिहून टाकायचं. हक्क आपल्याकडेच राहतो, पण चाहत्यांना दरवेळी दार वाजवावं लागत नाही. “असा काय तरी माका लिवन दी गो,” ती मागे लागली. मी आज-उद्या करत राहिले. मला वाटायचं, ही भोळी, लोक हिला लुबाडतील. आणि खोटं कशाला बोलू, कुर्लीबाय थोडी माझीही आहे असं मला वाटायला लागलं होतं.

अशात तळेऱ्याच्या शुभांगी नावाच्या अंगणवाडीसेविकेने कुर्लीबायच्या नव्या गोष्टी स्वतः रचून, आवाज बदलून, मुलांसाठी त्यांचे व्हिडिओ केले. खाली नंदाचं नावही घातलं होतं. तरी माझं डोकं फिरलं. मी पानावरून नंदाच्या नावाने हक्कभंगाची तक्रार ठोकली आणि शुभांगीचं चॅनल बंद पडलं, तिच्या दोन वर्षांच्या कामासकट. नंदा दुसऱ्याच दिवशी दुकानात आली. बसलीसुद्धा नाही. “सगळ्यांका परवानगी घेवक सांगतस,” ती म्हणाली, “माझी घेतलंस?” मी उलट तिच्यावरच रागावले. तिने अर्ज-विनंत्या करून ते चॅनल पुन्हा सुरू करून दिलं, हे मला नंतर शुभांगीकडूनच कळलं. मी मात्र वाट बघत बसले, ती आधी फोन करील म्हणून.

तिचे दिवस झाल्यावर मी पान उघडलं. तिथे तिने लिहून ठेवलेला, अजून प्रसिद्ध न केलेला मजकूर होता. “कुर्लीबाय घेवा. काढा, बदला, हसा. माझा नाव घाला. इकूचा आसात तर माका इचारा.” आणि खाली, “ह्या पान सुलभा बघता. तिच्यावर कोणी रागावू नकात. ती भांडता ती माझ्यासाठीच.” किती वेळ रडत होते कोण जाणे. गिऱ्हाईक येऊन परत गेलं. मग एक अक्षरही न बदलता मी तो मजकूर पानावर टाकला.

परवा कुडाळच्या एका बाईंचा निरोप आला. कापडी पिशव्यांवर कुर्लीबाय छापून विकायची आहे, परवानगी मिळेल का... विकायचं तर नंदाला विचारायचं, असं तिनेच लिहिलं होतं. मी फोन उचलला आणि सवयीने तिचा नंबर लावला. उमेशने घेतला. नंदा चित्रात बुडालेली असली की तिचा फोन तोच घ्यायचा. मी पिशव्यांचं सगळं सांगून टाकलं.

“थांब हां ताय,” तो म्हणाला, “तिका इचारतंय.”

सवयीने तिच्या खोलीकडे निघालेली त्याची पावलं फोनवर ऐकू आली, आणि मध्येच थांबली. मी फोन ठेवला नाही.