गरीब या शब्दाचे पान

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गोंदिया स्टेशनच्या मालधक्क्यावर होतो. फुलचूरचा शेजारी धापा टाकत आला. "मास्तर गेले जी. चला लवकर." मी वॅगनचं दार लावून घेतलं, सील ठोकलं आणि मग निघालो. रडू आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात... पण वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी 'भाषाभ्यासक बंधूंविषयी' चार शब्द मागितले आहेत, आणि शब्द खरा वापरावा हे दादानेच शिकवलं. तर खरं हे, की माझा थोरला भाऊ मला आवडत नव्हता.

फुलचूरच्या आमच्या शेतकरी घरात शिकलेला तो पहिला. दोन वर्षं पुण्यात काढून गोंदियाच्या शाळेत मास्तर झाला आणि येताना तिथली भाषा घेऊन आला. 'का'च्या जागी म्हणायचं 'काऊन' घरातून गेलं, 'कायले' गेलं. आईसुद्धा त्याच्यापुढे जपून बोलू लागली. मग त्याने अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेल्या शब्दांचा कोश हाती घेतला. वीस वर्षं खपला. शब्दांवर त्याचा जीव होता, हे कबूल करतो. बोलणाऱ्यांवर नव्हता.

वहिनी देवरीकडची. भरल्या घरातली, बोलघेवडी. बायकांनीही पुरुषांबरोबर जेवायचं ही सुधारणा दादाने पुण्याहून आणली, आणि तिला एक शिरस्ता जोडला. जिच्या तोंडून अशुद्ध वाक्य निघेल तिने ते शुद्ध करून म्हणेपर्यंत घास घ्यायचा नाही. मीही आमची झाडीपट्टीतली बोलीच बोलायचो, पण मला तो नियम कधी लागला नाही. आई गेल्यावर तर तो एकट्या वहिनीसाठीच उरला.

एका दुपारी दादा 'गरीब' या शब्दावर अडला होता. जेवता जेवता मला ऐकवत होता. अरबीत गरीब म्हणजे परका, आपला मुलूख सोडून आलेला. तुर्कीत तोच शब्द विचित्र अशा अर्थाने चालतो. हिंदीत आणि आपल्यात निर्धन. शिवाय आपण गाईलाही गरीब म्हणतो, म्हणजे मुकाट. पण परक्याचा निर्धन झाला कसा, हे काही त्याला उलगडेना.

वहिनी वरण वाढत होती. म्हणाली, "त्यात काय हाय जी? परक्याच्या घरी आलेली पोरगी गरीबच रायते. बापाची कितीबी जमीन असो."

दादाचा हात थांबला. मला वाटलं, आता हा तिला शाबासकी देणार. तो उठला, हात धुतला, आत जाऊन वाक्य उतरवून आला आणि पुन्हा पाटावर बसत म्हणाला, "रायते नव्हे, राहते. म्हण."

तिने म्हटलं. मग 'कितीबी' आडवं आलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. चौथ्या वेळी तिने वरणाची पळी खाली ठेवली. आपलं ताट उचलून आत निघून गेली. मी जेवत राहिलो... वरण चांगलं झालं होतं, हेसुद्धा आठवतं. त्याची लाज आजही वाटते.

त्यानंतर वहिनी कामापुरतीच बोलायची. पुढे महायुद्धात कागद मिळेना, कोश छापायचा राहिला. शेवटच्या भेटीत दादाने खाटेवरून बजावलं, "छापून घे. एक अक्षर बदलू नकोस." मी हो म्हणालो. मरणाऱ्याला नाही कोण म्हणतो?

तेरावं झाल्यावर कोशाचं बाड उघडलं. 'गरीब'च्या पानावर वहिनीचं वाक्य होतं, धुऊनपुसून शुद्ध केलेलं. खाली लिहिलं होतं, 'एका अडाणी बाईच्या बोलण्यावरून.' माझं डोकं फिरलं. वीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिला नावही नसावं? दिलेला शब्द मोडायचं मी तिथल्या तिथे ठरवलं आणि पान घेऊन वहिनीकडे गेलो. ती एकटीच तांदूळ निवडत बसली होती.

"वहिनी, हे वाक्य तुमचं हाय. तुमचं नाव टाकून छापतो. अन् तुम्ही बोलल्या तसंच छापतो."

ती पानाकडे बघत राहिली. ओठ हलले, पण आवाज नाही. बोलण्याआधी वाक्य मनातल्या मनात जुळवून बघत होती.

"बोला नं वहिनी," मी म्हटलं. "आता कायले भेऊन राहिल्या?"

"नको, भाऊजी," ती म्हणाली, एकही चूक न करता. "त्यांना आवडणार नाही."